आधी स्लॅब, मग कूलर, मग एसी

मार्च सरत आला की मोडनिंबपासून टेंभुर्णी-कुर्डुवाडीपर्यंत इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात एकच प्रश्न ऐकू येतो: एक टनाचा घेऊ की दीड टनाचा? सुलभ हप्ते सुरू झाल्यापासून एसी ही नोकरदारांच्याच घरातली वस्तू राहिलेली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्यानं तो आणखी घरांत जाईल. जावा, त्याला हरकत नाही. पण किती टन हा या विषयातला शेवटचा प्रश्न आहे आणि आपण सुरुवात तिथूनच करतो. घर तापतं कशानं, आपल्याकडची हवा कोणत्या जातीची आहे, पाणी आणि वीज कशी येते, खोलीत झोपणार कोण, हे बघितल्याशिवाय टनाला काही अर्थ नाही.

हवेपासून सुरुवात करू, कारण तीच निम्मा निकाल लावते. मोडनिंबचा, आपल्या सगळ्या माढा तालुक्याचाच, उन्हाळा कोरडा आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, कधी ४३-४४ पर्यंत जातो, आणि त्या वेळी हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांच्या घरात असते. याच हवेवर आपला द्राक्षबागायतदार बेदाणा करतो. शेडमधल्या जाळ्यांवर पसरलेला माल नुसत्या कोरड्या वाऱ्यानं दोन-तीन आठवड्यांत सुकतो. सूतगिरणीला मात्र ही हवा चालत नाही. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून गिरणीत पाण्याचे बारीक फवारे सोडून हवा ओलसर ठेवावी लागते. १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाल्यापासून गिरण्यांचं गाव म्हणून वाढलेल्या सोलापूरला हे सांगायला नको.

एसीचा जन्म बरोबर उलट्या गरजेतून झाला. १९०२ मध्ये अमेरिकेत विलिस कॅरिअर यांनी आपलं पहिलं यंत्र आखलं ते ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी. तिथल्या दमट हवेनं कागद फुगायचा आणि एकावर एक छापलेले रंग जागेवर बसायचे नाहीत. हवेतला ओलावा काढून टाकणं हे एसीच्या अंगभूत कामांपैकी एक आहे. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथल्या माणसाला त्याचा उपयोग बाराही महिने होतो. मोडनिंबच्या एप्रिलमधली हवा मात्र पाण्याला आसुसलेली असते. मुंबईतल्या नातेवाइकाचा सल्ला इथं जसाच्या तसा लागू पडत नाही तो यामुळे.

आता छताकडे येऊ. या भागातली जुनी घरं माळवदाची. जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, आणि उजेड-हवेसाठी छतात ठेवलेलं साणं. दुपारचं ऊन त्या मातीतून खाली उतरेपर्यंत संध्याकाळ व्हायची आणि उतरलं तरी त्याचा जोर गेलेला असायचा. माळवदाला गळती होती, वाळवी होती, दरवर्षी माती टाकायचा व्याप होता; ते गेलं त्याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. पण त्याच्या जागी आलेला चार-पाच इंची उघडा स्लॅब आपण तसाच उन्हात ठेवला, ही चूक आहे. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी सहा-सात वाजल्यापासून रात्री उशिरापर्यंत खालच्या खोलीत उष्णता सोडत राहतो. बाहेर अंगणात बरी हवा असते आणि आत पंख्याखाली तलखी होते ती याच कारणानं. पंखा छताजवळची तापलेली हवा अंगावर ढकलतो, एवढंच.

एक ढोबळ हिशेब करून बघावा. १० बाय १२ ची वरच्या मजल्यावरची खोली, म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर छत. भर उन्हाळ्यात उघड्या स्लॅबमधून अशा खोलीत आठशे-नऊशे वॉट उष्णता उतरते. तिथं छोटी शेगडी अखंड पेटती ठेवल्यासारखंच ते आहे. एक टन म्हणजे सुमारे साडेतीन हजार वॉट उष्णता उपसण्याची ताकद, मूळ मोजमापात २४ तासांत ९०७ किलो बर्फ वितळताना मिळणारा गारवा. म्हणजे एका टनाच्या एसीचा जवळजवळ पाव भाग नुसत्या स्लॅबशी झुंजण्यात जातो. पश्चिमेची भिंत आणि काचेची खिडकी यांचा वाटा वेगळाच.

म्हणून पहिला खर्च छतावर करावा. सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा: चांगला चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात चिकटपणासाठी फेव्हिकॉल किंवा वॉटरप्रूफिंगचं द्रावण मिसळायचं आणि गच्चीला दोन-तीन हात द्यायचे. पावसाळ्यात हा थर बराच धुऊन जातो, दरवर्षी फेब्रुवारीत तो पुन्हा द्यावा लागतो. बाजारात मिळणारा पांढरा परावर्तक रंग महाग पडतो, पण काही वर्षं टिकतो. पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी सगळ्यांत टिकाऊ. घर बांधतानाच ती करून घेतली तर गळतीचीही चिंता मिटते. पांढऱ्या छतानं खोलीचं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरतं, असा अनुभव ठिकठिकाणचा आहे. अहमदाबादनं २०१० च्या जीवघेण्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढं वस्त्यांमधली छतं पांढरी करण्याचं काम त्याला जोडलं. तेलंगणानं तर २०२३ मध्ये थंड छतांचं स्वतंत्र धोरणच जाहीर केलं. महाराष्ट्रात, निदान सोलापूर-धाराशिव-लातूरच्या पट्ट्यात, याची गरज काही कमी नाही.

दुसरा उपाय आपल्या शेतकऱ्यांच्या घरीच पडलेला असतो. डाळिंबावर, रोपवाटिकेवर घालायचं शेडनेट गच्चीवर सहा-सात फुटांवर ताणून बांधलं तर स्लॅबवर थेट ऊनच पडत नाही आणि मधून वारा खेळता राहतो. वाऱ्या-वादळाच्या दिवसांत ते सोडून ठेवायला मात्र विसरू नये. वळिवाच्या वाऱ्यात उडालेलं शेडनेट विजेच्या तारांवर जातं. स्लॅबवर पाणी मारण्याची आपली सवय संध्याकाळपुरती गुण देते, पण टंचाईच्या महिन्यांत ते पाणी आणायचं कुठून?

पत्र्याच्या घराचा मुद्दा वेगळा आहे. पत्र्याखाली नुसता एसी लावणं म्हणजे पैसे जाळणं. आधी पत्र्याला बाहेरून पांढरा रंग, आतून थर्माकोल किंवा जिप्समचं फॉल्स सिलिंग आणि दोन्हींच्या मधल्या पोकळीतून गरम हवा जायला दोन्ही टोकांना जाळी, एवढं केल्यावरच पुढचं यंत्र.

रात्रीच्या हवेचाही विचार व्हावा. मे महिन्यातही पहाटे बाहेरचं तापमान २५-२७ अंशांवर येतं. पूर्वी लोक माळवदावर झोपत, आता गच्चीवर झोपायला माणसं घाबरतात किंवा डास झोपू देत नाहीत. तरी खिडक्यांना जाळ्या बसवून, एका खिडकीत मोठा एक्झॉस्ट फॅन लावून रात्री दहानंतर आतली कोंडलेली हवा बाहेर फेकली आणि सकाळी आठ वाजता दारं-खिडक्या, पडदे बंद केले, तर दुपारी दोनपर्यंत घर चांगलंच धरून राहतं. छताचा पंखा बदलायचाच असेल तर बीएलडीसी घ्यावा. साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास वीज खातो, हा ३० वॉटच्या आसपास.

आता कूलर. माझ्या मते मार्च ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मोडनिंबच्या बहुतेक घरांचं खरं उत्तर हेच आहे, आणि त्याला गरिबाचा एसी म्हणून खाली ढकलणं चुकीचं आहे. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं, एवढ्याच तत्त्वावर तो चालतो. हवा जितकी कोरडी तितकी वाफ जास्त, गारवा जास्त. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर पाण्यानं हवा जास्तीत जास्त २४ अंशांपर्यंत उतरू शकते. चांगल्या हनीकोम पॅडचा कूलर त्यातली बरीच मजल मारतो आणि २७-२९ अंशांची हवा देतो. गवताच्या ताट्यांचा जुना लोखंडी कूलर ३०-३१ ची. तीच गोष्ट जुलैत करून बघा. बाहेर ३१ अंश, आर्द्रता ७५ टक्के. तेव्हा उत्तम कूलरसुद्धा तीन अंशांहून जास्त फरक पाडू शकत नाही, वर अंग चिकट होतं. म्हणजे मृग सुरू झाला की कूलर धुऊन, वाळवून ठेवून द्यायचा.

कूलरची निम्मी ताकद आपण चुकीच्या जागी ठेवून घालवतो. तो खोलीच्या आत ठेवून दार-खिडक्या लावून घेतल्या की तीच दमट हवा पुन्हा पुन्हा पाण्यातून फिरते आणि तासाभरात खोलीचं न्हाणीघर होतं. कूलर खिडकीबाहेर, सावलीत, शक्यतो उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या बाजूला बसवावा आणि समोरची खिडकी किंवा दार अर्धं उघडं ठेवावं. जेवढी हवा आत येते तेवढी बाहेर जायलाच हवी. ही एक गोष्ट पाळली तर कित्येक घरांतला जुना कूलर बदलायची गरजच पडणार नाही.

आपल्याकडं कूलरची खरी कसोटी पाण्यावर लागते. मोठा घरगुती कूलर भर उन्हात तासाला १०-१५ लिटर पाणी पितो. आठ तास चालला तर ८० ते १२० लिटर. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे. म्हणजे एक कूलर घरातल्या दोन माणसांच्या वाट्याचं पाणी घेतो, आणि तेही नेमक्या त्या महिन्यांत जेव्हा बोअर आटतात आणि टँकरची वाट बघावी लागते. ज्या वाडीवर पाणी विकत घ्यावं लागतं तिथं कूलरच्या स्वस्ताईचा हिशेब पुन्हा मांडायला हवा. बोअरच्या पाण्यातले क्षार ही दुसरी अडचण. वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात. आठ-दहा दिवसांत टाकीतलं पाणी खारट होत जातं आणि पॅडवर पांढरे थर चढून हवा अडते. म्हणून टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायची. कोरडा दिवस पाळायचं आरोग्य खातं सांगतं ते याच कामात साधतं, कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी कूलरला वापरावं, असा सल्ला फिरतो. ते पाणी मुळातच जास्त क्षारांचं असतं, ते फरशी पुसायला वापरलेलं बरं.

आणि अर्थिंग. लोखंडी पत्र्याचा कूलर, ओली फरशी, अनवाणी पोर आणि अर्थिंग नसलेला प्लग ही जिवाशी गाठ आहे. तीन पिनांचा प्लग, खरंखुरं अर्थिंग आणि मीटरपाशी करंट गळताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवल्याशिवाय लोखंडी कूलर चालू करू नये. पाणी भरताना प्लग काढायचा, बटण बंद करून भागत नाही.

कूलरची जमेची मोठी बाजू विजेची आहे. दीड-दोनशे वॉटवर तो चालतो, आठ तासांना दीड युनिटच्या आसपास. लाइट गेली तरी घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर काही तास निघतात. एसीचं तसं नाही. इन्व्हर्टर एसी म्हणजे बॅटरीवर चालणारा एसी, असा समज दुकानात येणाऱ्या बऱ्याच जणांचा असतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच की त्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे हळू-जलद फिरतो. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी वाडीवस्तीवर वीज किती वेळ आणि कोणत्या दाबानं मिळते, हे एसीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

तरीही काही घरांत एसी हवा, आणि तिथं कुणी संकोच करू नये. अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेलं माणूस, दम्याचा रुग्ण ज्याला कूलरचा दमटपणा सोसत नाही, बाळंतीण आणि तान्हं मूल, अभ्यासाला बसलेली मुलं. उष्माघात भर उन्हातच होतो असं नाही; रात्रभर तापत राहिलेल्या खोलीतही म्हाताऱ्या माणसाचं शरीर हार मानतं. अशा घरानं एक खोली निवडावी, शक्यतो तळमजल्यावरची, पूर्वेकडची, आणि ती नीट गार करावी. हॉलला एसी बसवून प्रतिष्ठा मिळते, झोप मिळत नाही.

आता टन. स्लॅबला पांढरा हात दिला असेल किंवा वर दुसरा मजला असेल तर १२० चौरस फुटांच्या खोलीला एक टन पुरतो. उघड्या स्लॅबखाली, पश्चिमेच्या भिंतीला लागून असेल तर दीड टन लागतो. १८० चौरस फुटांपुढं दीड टन घ्यावाच. इथं एक बारकावा आपल्या भागासाठी फार महत्त्वाचा आहे. एसीची छापील क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. ४३ अंशांत तोच एसी तेवढी उष्णता उपसू शकत नाही आणि वीज जास्त खातो. दुकानदाराला विचारायचा प्रश्न हा: ४३-४५ अंशांना याची क्षमता किती राहते? चांगल्या कंपन्यांच्या तपशीलपत्रात हा आकडा असतो. बाहेरचं युनिट भाजणाऱ्या गच्चीवर किंवा पश्चिमेच्या भिंतीवर बसवलं तर त्याच्या भोवतालची हवा आणखी तापते; उत्तरेकडं सावलीत, चारी बाजूंनी हवा खेळेल असं बसवावं.

चांदण्यांचं काय? बीईई या केंद्रीय संस्थेच्या लेबलवर आयसीअर नावाचा आकडा असतो. २०१८ पासून साध्या आणि इन्व्हर्टर अशा दोन्ही एसींना तोच लागू आहे. तो जितका मोठा तितकी वीज कमी. चांदण्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, जुलै २०२२ मध्ये झाले तसे, म्हणून दोन वर्षांपूर्वीचा पाच चांदण्यांचा माल सवलतीत मिळाला तर चांदण्या न मोजता आकडा आणि लेबलवरचं वर्ष वाचावं. लेबलवर वर्षाला लागणारी युनिटंही छापलेली असतात, पण ती वर्षाला १६०० तास वापर धरून. आपल्याकडं मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत रोज रात्री सात तास धरले तर सहाशे-साडेसहाशे तासच होतात. दीड टनात तीन आणि पाच चांदण्यांतला फरक १६०० तासांना साधारण दोनशे युनिटांचा. आपल्या वापराला तो ऐंशीच्या आसपास उतरतो, म्हणजे वर्षाकाठी हजार रुपयांच्या आत-बाहेर. पाच चांदण्यांसाठी सात-दहा हजार जास्त मोजले तर ते वसूल व्हायला आठ-दहा वर्षं जातील. निव्वळ रात्रीच्या वापराला तीन चांदण्यांचा इन्व्हर्टर एसी पुरेसा आहे, हे मी ठामपणे सांगतो. आजारी माणसासाठी दिवसरात्र चालणार असेल, दवाखान्यात किंवा दुकानात लावायचा असेल, तर मात्र पाचच घ्यावा.

बिलाचा धक्का चांदण्यांपेक्षा टप्प्यांमुळे बसतो. महावितरणचा घरगुती दर १०० युनिटांपर्यंत एक, १०१ ते ३०० ला जवळपास दुप्पट, त्यापुढं आणखी चढा आहे. महिना ९० युनिटं जाळणाऱ्या घरात एसीची दोनशे युनिटं वाढली की जवळजवळ सगळी वरच्या दरानं पडतात, आणि बिल चार-पाच पटींनी फुगतं. त्या घरानं पहिल्या महिन्याचं बिल बघून एसी बंद करून ठेवण्यापेक्षा हा हिशेब आधी करावा. एसी २४ वर, त्याहून बरं म्हणजे २६ वर ठेवून छताचा पंखा हळू चालवावा. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं बीईई सांगते. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू होतात ते त्यासाठीच.

ज्यांची गच्ची मोकळी आहे आणि चार पैसे गाठीला आहेत, त्यांनी एसीआधी सौरपॅनेलचा विचार करावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. सोलापूरच्या उन्हात १ किलोवॅट रोज सरासरी चार युनिटं देतो, म्हणजे ३ किलोवॅटमधून महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. दिवसा तयार झालेली वीज महावितरणच्या जाळ्यात जाते आणि रात्रीच्या वापरातून वजा होते. शिवाय पॅनेलची सावली स्लॅबवर पडते, तो फायदा कुणी मोजत नाही.

खरेदीनंतरची दोन कामं राहतात. जोडणी करताना मेकॅनिकनं व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांमधली हवा आणि ओलावा काढला पाहिजे. थोडा गॅस सोडून हवा ढकलून द्यायची जुनी रीत आता चालत नाही, कारण हल्लीच्या एसीतला आर-३२ थोडाफार ज्वलनशील आहे. दर वर्षी गॅस भरावा लागतो, असं कुणी सांगितलं तर समजावं की कुठंतरी गळती आहे आणि ती काढलेली नाही. आणि घेण्याआधी बघावं, ज्या कंपनीचा एसी घेतो तिचा माणूस कुर्डुवाडी-पंढरपूरहून दुसऱ्या दिवशी येतो का, की सोलापूर-पुण्याची वाट बघावी लागते. मे महिन्यात चार दिवस बंद पडलेला पाच चांदण्यांचा एसी काय कामाचा?

हे सगळं ज्यांना निवड करता येते त्यांच्यासाठी झालं. प्रधानमंत्री आवास योजनेतलं २५ चौरस मीटरचं घरकुल, वर पत्रा किंवा पातळ स्लॅब, पंखा एक, आणि कूलरला पाणी नाही, अशा घरांचं काय? त्यांना कूलर-एसीचा सल्ला देऊन उपयोग नाही, चुना मात्र देता येतो. माढा तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी दर फेब्रुवारीत घरकुलं, अंगणवाड्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांच्या छतांना पांढरा हात द्यायचं काम हाती घ्यावं. गावातलीच माणसं ते करू शकतात, त्यांना आठ-दहा दिवसांचा रोजगारही मिळेल. मोडनिंबनं यात पुढं व्हावं.